जानेवारी १६८९चे नाणे आणि मार्च १६८९मध्ये उतरलेला राजा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. डब्लिनमध्ये नोकरीनिमित्त राहत असताना आपण एका विक्रेत्याकडून दोन पिवळसर नाणी घेतली. लहान नाण्यावर रोमन आकड्यांत बारा, वर १६८९ आणि खाली ‘८बर’ असे काहीसे कोरले आहे. मोठ्या नाण्यावर रोमन तीस, १६८९ आणि खाली जानेवारीचे संक्षिप्त नाव आहे. राजा दुसरा जेम्स याने युद्धाच्या काळात तोफा आणि भंगार वितळवून पाडलेली ही नाणी आहेत, असे विक्रेत्याने सांगितले. परंतु सगळ्या इतिहासग्रंथांत जेम्स आयर्लंडला उतरल्याचा महिना मार्च १६८९ असा दिलेला असल्याने, त्याने जानेवारी १६८९चे नाणे कसे पाडले, ही शंका आपल्याला आली. ‘८बर’ म्हणजे ऑगस्ट का, धातू खरोखर तोफेचा आहे का, आणि भारतात आणल्यावर ती चिंच-मीठ लावून उजळावीत का, हेही आपण विचारले आहे.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते उशिरा मिळाले तर उपयोगाचे नाही: चिंच, लिंबू, राख किंवा भांडी घासण्याची कोणतीही पूड या नाण्यांना लावू नये. आता बाकीच्या प्रश्नांकडे वळतो.

जानेवारी १६८९ ही तारीख चुकीची नाही. उलट, एखाद्या अजाण नकलाकाराला सुचणार नाही अशी ती तारीख आहे. त्या काळी इंग्लंड आणि आयर्लंडमध्ये कायदेशीर वर्ष १ जानेवारीला सुरू होत नसे, ते २५ मार्चला सुरू होई, आणि ही पद्धत १७५२पर्यंत चालली. त्यामुळे नाण्यावरचे ‘१६८९’ हे वर्ष २५ मार्च १६८९ रोजी सुरू होऊन आजच्या हिशेबाने २४ मार्च १६९० रोजी संपते, आणि आपल्या नाण्यावरचा जानेवारी १६८९ हा आपल्या दृष्टीने जानेवारी १६९० ठरतो. मराठी वाचकाला यात अवघड वाटण्याचे कारण नाही. आपलाही शक चैत्रात बदलतो आणि फाल्गुन जुन्या शकातच राहतो. मृगाच्या सुमारास बदलणारे सुहूर सन इसवी सनात बसवताना पेशवेकालीन कागदांच्या अभ्यासकांना हीच काळजी घ्यावी लागते. जेम्स १२ मार्चला किन्सेल बंदरात उतरला आणि २४ मार्चला डब्लिनमध्ये शिरला. त्या वेळच्या कायदेशीर गणनेप्रमाणे तो दिवस १६८८ सालाचा अखेरचा दिवस होता. याच कारणामुळे मार्च महिन्याची नाणी दोन सालांची मिळतात: काहींवर मार्च १६८९ तर काहींवर मार्च १६९०. पाहणाऱ्याला त्यांच्यात वर्षाचे अंतर वाटते, परंतु ती एकाच मार्च महिन्यातली, पंचवीस तारखेच्या अलीकडची आणि पलीकडची आहेत.

‘८बर’ म्हणजे ऑगस्ट नव्हे, ऑक्टोबर. लॅटिनमध्ये ‘ऑक्टो’ म्हणजे आठ, आणि मार्चपासून मोजले की ऑक्टोबर आठवा महिना येतो. ‘सप्त, अष्ट, नव, दश’ आणि ‘सेप्टेम, ऑक्टो, नोवेम, डेकेम’ ही एकाच कुळातली भावंडे आहेत, हे एकदा ध्यानात आले की ही संक्षिप्त रूपे आपल्याला आपोआप वाचता येतात. या मालिकेत ‘७बर’ हा सप्टेंबर आहे, ‘९र’ हा नोव्हेंबर आणि ‘१०र’ हा डिसेंबर. काही ठशांवर मात्र महिन्याचे नाव अक्षरांतच दिलेले असते. कोरणाऱ्यांच्या हातांतला हा फरक संग्राहक आवडीने टिपतात.

परंतु नाण्यावर महिना घालण्याची गरजच का पडली, हा प्रश्न तारखेच्या गणितापेक्षा मोलाचा आहे, आणि त्यासाठी त्या युद्धाकडे थोडे मागे जाऊन पाहावे लागते. कॅथलिक असलेल्या जेम्सला डिसेंबर १६८८मध्ये इंग्लंड सोडून फ्रान्सला पळावे लागले आणि त्याच्या जागी त्याची मुलगी मेरी व जावई विल्यम यांना गादी मिळाली. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या मदतीने जेम्स आयर्लंडला आला, कारण तिथले बहुसंख्य लोक कॅथलिक होते आणि तिथून गादी परत मिळवता येईल अशी त्याला आशा होती. सैन्य जमले, परंतु पगाराला चांदी नव्हती. आयर्लंडमध्ये स्वतःची चांदीची नाणी पाडणारी टाकसाळ चालू नव्हती आणि इंग्रजी, स्पॅनिश, फ्रेंच अशी मिळतील ती नाणी तिथे चालत. युद्धाची चाहूल लागताच ज्यांच्याकडे चांगला पैसा होता ते इंग्रज व्यापारी तो घेऊन निघून गेले, आणि उरलेल्यांनी तो पुरून ठेवला. डब्लिनमध्ये पाऊल टाकल्याच्या दुसऱ्याच दिवशी जेम्सने जाहीरनामा काढून सोन्याचा गिनी २४ शिलिंगांना आणि एरवी १२ पेन्सचा असलेला इंग्रजी शिलिंग १३ पेन्सना चालेल असे ठरवले. किंमत वाढवली की नाणी बाहेर येतील, असा त्यामागचा हिशेब होता. नाणी बाहेर आली नाहीत. घाबरलेला माणूस चांदी काढून देत नाही, मग तिच्यावर कितीही आकडा लिहा.

तेव्हा १८ जून १६८९ रोजी पितळ आणि तांब्याची नाणी चालू करण्याचा जाहीरनामा निघाला. त्यात सांगितले होते की ही नाणी तात्पुरत्या गरजेपोटी पाडली जात असून ती देवघेवीत दर्शनी किमतीला घ्यावीत. परदेशी मालावरील जकात आणि विश्वस्त म्हणून ठेवलेला पैसा यांसारखे काही व्यवहार त्यातून वगळले होते. हे वगळणे मला फार बोलके वाटते. जिथे परदेशी व्यापाऱ्याशी किंवा कायमच्या मालमत्तेशी संबंध येतो तिथे हे नाणे चालणार नाही, हे राजाच्या सल्लागारांनाही ठाऊक होते. युद्ध संपल्यावर नाणी परत घेऊन त्यांच्या बदल्यात सोन्याचांदीचे नाणे दिले जाईल, असे आश्वासन मात्र देण्यात आले. महिना घालण्यामागचे सर्वमान्य स्पष्टीकरण याच आश्वासनाशी जोडलेले आहे: सगळी नाणी एकदम परत आली तर खजिना कोलमडेल, म्हणून जुन्या महिन्यांची नाणी आधी आणि नव्या महिन्यांची नंतर, अशी क्रमाने परतफेड करता यावी. टाकसाळीच्या दर महिन्याच्या हिशेबालाही त्याचा उपयोग होत असणार. म्हणजे आपल्या हातातले ‘८बर’ हे एका परीने हुंडीवरच्या मुदतीसारखे आहे. ही हुंडी कधी वटली नाही, ही गोष्ट वेगळी.

टाकसाळ डब्लिनच्या केपल स्ट्रीटवर उघडली गेली. आपण डब्लिनमध्ये असल्याने हा रस्ता आपल्या पायाखालचा असेल. लिफी नदीच्या उत्तरेला असलेला आणि २०२२पासून मोटारींना बंद झालेला तोच हा रस्ता. १६९०च्या सुरुवातीला दुसरी टाकसाळ लिमरिकमध्ये निघाली. धातू कुठून आणायचा हा प्रश्न पहिल्या दिवसापासून होता. डब्लिन किल्ल्याच्या आवारात पडलेल्या दोन पितळी तोफा टाकसाळीच्या ताब्यात द्याव्यात असा हुकूम निघाला, आणि पुढे निकामी तोफा, फुटक्या घंटा, घराघरांतली तांब्या-पितळेची भांडी, कढया आणि मोडीत निघालेले जे मिळेल ते भट्टीत गेले. हे पुरेना तेव्हा फ्रान्सकडे जुन्या तोफांची मागणी करण्यात आली. त्या काळचे लोक या नाण्यांना ‘ब्रास मनी’, म्हणजे पितळी पैसा म्हणत. ‘गन मनी’, म्हणजे तोफेचा पैसा, हे नाव नंतरच्या संग्राहकांनी रूढ केले, त्यामुळे त्या नावावर फार भार टाकू नये.

हा व्यवहार किती एकतर्फी होता, हे एका साध्या हिशेबाने दिसते. त्या वेळी भंगार पितळेचा भाव पौंड वजनाला तीन ते चार पेन्स असा सांगितला जातो. एक टन, म्हणजे १,००० किलो वजनाची एक तोफ धरू. वजनी पौंडांत ती सुमारे २,२०५ पौंड भरते, आणि चार पेन्सच्या भावाने तिची किंमत होते जवळजवळ ३७ पौंड. मोठ्या आकाराचा शिलिंग साधारण साडेसहा ग्रॅमचा धरला, तर भट्टीतली घट सोडून त्याच तोफेतून दीड लाखाहून अधिक शिलिंग निघतात, आणि वीस शिलिंगांचा एक पौंड या हिशेबाने त्यांची दर्शनी किंमत साडेसात हजार पौंडांच्या पुढे जाते. म्हणजे एका पौंडाचे दोनशे पौंड झाले. सुमारे सोळा महिन्यांत अशा नाण्यांची एकूण दर्शनी रक्कम दहा लाख पौंडांच्या वर गेली. लहानशा, युद्धाने पोळलेल्या देशाच्या बाजारात ही रक्कम ओतली गेल्यावर भाव भडकणारच होते. ज्यांच्याकडे माल होता त्यांनी तो लपवला, आणि ज्यांच्यावर कर्ज होते त्यांनी सावकाराच्या हातात पितळ ठेवून ते फेडण्याची घाई केली. नाणे नाकारणाऱ्याला शिक्षेचा धाक होता. मात्र ही वर्णने बहुतांशी जेम्सच्या विरोधकांनी लिहिलेली आहेत, म्हणून त्यांतले तपशील मी जपून वापरतो. हिशेब मात्र कोणाच्या बाजूचा नसतो.

आता धातूविषयी. आपले नाणे तोफेचेच आहे का, असे विचाराल तर प्रामाणिक उत्तर असे की एका नाण्यापुरते ते सांगता येत नाही, आणि सांगता येते असे म्हणणाऱ्या विक्रेत्याला त्यासाठी जास्त पैसे देऊ नयेत. तोफेचे कांसे म्हणजे तांबे आणि साधारण दहावा हिस्सा कथील. घंटेच्या कांशात कथील दुपटीच्या आसपास असते, म्हणून घंटा खणखणते पण ठोकली की तडकते. कढया आणि दिवे पितळेचे, म्हणजे तांबे आणि जस्ताचे. हे सगळे एका मुशीत गेल्यावर जो रस तयार होतो त्यात तांबे, जस्त, कथील आणि शिसे हे चारही कमी-अधिक प्रमाणात सापडतात, आणि प्रत्येक घाण्याचे प्रमाण वेगळे असते. क्ष-किरणांच्या हातयंत्राने नाण्याचा पृष्ठभाग तपासला तर हे मिश्रण दिसते, परंतु त्यातला कोणता कण तोफेतून आला आणि कोणता एखाद्या विधवेच्या कढईतून, हे यंत्र सांगू शकत नाही.

डोळ्यांना मात्र बरेच दिसते. माझ्या संग्रहात जुलै आणि ऑगस्ट १६८९चे दोन शिलिंग शेजारी ठेवलेले आहेत. एक जवळजवळ तांब्यासारखा लालसर आहे. दुसरा जुन्या समईसारखा फिका पिवळा असून त्याच्या कडेपासून राजाच्या कपाळापर्यंत केसाएवढी चीर गेली आहे. ही चीर पुढे कोणी पाडल्याने आलेली नाही. ठसा पडताना ठिसूळ चकती तडकली, त्या क्षणाची ती आहे. चिरेच्या दोन्ही बाजूंना अक्षरांच्या रेषा किंचित सरकलेल्या दिसतात आणि चिरेच्या आतही बाहेरच्याइतकाच जुना, काळपट थर बसलेला आहे. मिश्रणात घंटेचा किंवा तत्सम कथीलबहुल धातू जास्त पडला की असे होते, आणि घाईने काम करणारी टाकसाळ अशी चकती बाजूला काढत बसत नाही. धातू ओळखण्याचा हट्ट सोडून अशा खुणा वाचायला शिकलात तर नाणे आपल्याला कितीतरी अधिक सांगेल.

आपले मोठे नाणे अर्ध्या क्राउनचे, म्हणजे ३० पेन्सचे आहे, आणि बारा लिहिलेले नाणे शिलिंगाचे. आपली नाणी १६९०च्या वसंतापूर्वीची असल्याने ती मोठ्या आकाराची असली पाहिजेत: अर्धा क्राउन सुमारे ३३ मिलिमीटर रुंद आणि १४ ग्रॅमच्या आसपास, शिलिंग २५ मिलिमीटरच्या थोडा पुढे. म्हणजे सुरुवातीला चांदीच्या नाण्याशी आकाराने आणि वजनाने मिळतेजुळते नाणे देण्याचा प्रयत्न होता. चांदीचा इंग्रजी शिलिंग सहा ग्रॅमचा आणि अर्धा क्राउन पंधरा ग्रॅमचा असे. १६९०च्या वसंतात धातू संपत आला तसे तेच नाणे लहान केले गेले, आणि अर्ध्या क्राउनचे वजन जवळजवळ निम्म्यावर आले. मग मोठे अर्धे क्राउन परत मागवून त्यांच्यावरच नवा ठसा मारून त्यांना पूर्ण क्राउन, म्हणजे ६० पेन्सचे नाणे करण्यात आले. घोड्यावर बसलेल्या जेम्सच्या या क्राउनवर जुन्या नाण्याचे अवशेष, कुठे ‘तीस’च्या आकड्याची टोके, कुठे महिन्याच्या नावाचे एखादे अक्षर, घोड्याच्या पायांमधून डोकावताना दिसतात. भंगारातून केलेले नाणे पुन्हा भंगार म्हणून वापरून दुप्पट किमतीचे केले गेले, आणि तेही दहा-अकरा महिन्यांच्या आत. त्याच वर्षी पेन्स आणि अर्ध्या पेन्ससाठी कथील-शिशाच्या मिश्रधातूचीही नाणी निघाली. त्या धातूतला एक अत्यंत दुर्मिळ क्राउन आहे. त्याच्या कडेवर ‘मेलिओरिस टेसेरा फाती’, म्हणजे ‘चांगल्या दैवाची खूण’, असे कोरले आहे.

ते दैव आले नाही. १ जुलै १६९० रोजी, जुन्या पंचांगाप्रमाणे, बॉइन नदीवर जेम्सचा पराभव झाला आणि तीनच दिवसांनी त्याने किन्सेलहून फ्रान्सला जाणारे जहाज गाठले. विल्यम डब्लिनमध्ये आल्यावर त्याच महिन्यात जाहीरनामा निघाला की ही नाणी यापुढे धातूच्या मोलाला चालतील: क्राउन आणि मोठा अर्धा क्राउन एका पेनीला, लहान अर्धा क्राउन पाऊण पेनीला, मोठा शिलिंग अर्ध्या पेनीला, आणि लहान शिलिंग व सहा पेन्सचे नाणे पाव पेनीला. आपले ३० पेन्सचे नाणे एका पेनीचे झाले आणि १२ पेन्सचे अर्ध्या पेनीचे. फेब्रुवारी १६९१मध्ये तेवढेही चलन काढून घेण्यात आले. हा फटका कोणाला बसला, हे मी नाणे हातात घेतो तेव्हा दर वेळी मनात येते. ज्याला शक्य होते त्याने पितळ लवकरात लवकर दुसऱ्याच्या गळ्यात मारून माल घेतला होता. शेवटी ते उरले पगार म्हणून घेतलेल्या शिपायाकडे, त्या शिपायाला भाकरी आणि बिअर विकणाऱ्या बाईकडे, आणि धाकापोटी नाणे घ्यावे लागलेल्या लहान दुकानदाराकडे. पुढे शतकभराहून अधिक काळ विल्यमच्या स्मरणार्थ पेला उंचावताना आयर्लंडमधले प्रॉटेस्टंट त्याने आपल्याला ज्या संकटांतून सोडवले त्यांची यादी म्हणत, आणि त्या यादीत गुलामगिरीच्या सोबतीला पितळी पैसा आणि लाकडी बूट यांचाही उल्लेख असे.

महाराष्ट्रातल्या संग्राहकाला इथे महंमद तुघलकाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही, कारण त्याच्या पितळी आणि तांब्याच्या सांकेतिक नाण्यांपैकी काहींवर दौलताबादचे नाव आहे आणि ती आपल्याकडच्या बाजारात अधूनमधून येतात. जो सुलतानाची आज्ञा पाळतो तो परमेश्वराची आज्ञा पाळतो, अशा आशयाचा मजकूर त्याने नाण्यावर घातला, आणि तरीही दोन-तीन वर्षांत, १३३२च्या सुमारास, ती योजना गुंडाळावी लागली. दोन्ही प्रकरणे एकसारखी समजली जातात, पण ती तशी नाहीत. तुघलकाची नाणी साध्या हातठशांची असल्याने घरोघर नकला झाल्या, तर जेम्सची नाणी दाबयंत्रावर पाडलेली असल्याने त्यांच्या हुबेहूब नकला करणे तितके सोपे नव्हते. तिथे योजना मोडली ती खोट्या नाण्यांनी, इथे मोडली ती लढाईने. आणि मुख्य म्हणजे तुघलकाने खजिना उघडून सांकेतिक नाण्यांच्या बदल्यात सोने-चांदी दिली, अगदी नकलांच्या बदल्यातही. ज्याला आपण पाठ्यपुस्तकापासून वेडा म्हणत आलो त्याने शब्द पाळला. जेम्सला तो पाळण्याची संधी मिळाली नाही, आणि मिळाली असती तरी दहा लाख पौंडांची चांदी त्याने कुठून आणली असती, याचे उत्तर मला कधी सापडलेले नाही. दुसऱ्या महायुद्धातला आपला भोकाचा पैसाही लोक कधीकधी या पंक्तीत बसवतात. १९४३चा तो पैसा तांबे वाचवण्यासाठी केला होता, भंगारातून नव्हे, आणि त्याची दर्शनी किंमतही मुळात क्षुल्लक होती. म्हणून तो प्रकार निराळा.

लिमरिक मात्र बॉइननंतरही वर्षभर लढत राहिले. १६९०च्या शरदातली नाणी तिथलीच मानली जातात, कारण तोपर्यंत डब्लिन हातचे गेले होते. १६९१मध्ये, वेढा पडलेल्या त्या शहरात, उरलेल्या शिलिंगांवर पुन्हा ठसा मारून त्यांची अर्ध्या पेनीची आणि पाव पेनीची नाणी करण्यात आली. त्यांच्यावर वीणा धरून बसलेली हिबर्निया, म्हणजे आयर्लंडची मूर्ती आहे, आणि तिच्या नावातले ‘एन’ हे अक्षर उलटे कोरलेले आहे. शत्रूने जाहीर केलेली किंमतच शेवटी आपल्या नाण्यावर घालावी लागली, यावरून त्या शहराच्या अवस्थेची कल्पना यावी. संधी मिळाली आणि भाव परवडला तर यांपैकी एक नाणे आपल्या शिलिंगाशेजारी जरूर ठेवावे.

आपली नाणी खरी आहेत का, हे पाहण्यासाठी दर्शनी बाजूला डावीकडे तोंड केलेला राजा आणि ‘जेम्स दुसरा, देवाच्या कृपेने’ या अर्थाचा लॅटिन मजकूर असावा. मागील बाजूला दोन तिरपे राजदंड आणि त्यांच्यावर मुकुट, दोन्हीकडे ‘जे’ आणि ‘आर’ ही अक्षरे, वर किंमत आणि खाली महिना असावा. याच बाजूला तो स्वतःला ग्रेट ब्रिटन, फ्रान्स आणि आयर्लंडचा राजा म्हणवतो. फ्रान्सवरचा दावा इंग्रज राजांचा जुना वहिवाटीचा होता आणि फ्रान्सच्याच पैशावर जगतानाही तो ठशावरून पुसला गेला नाही. यानंतर कड पाहावी. खऱ्या नाण्याच्या कडेवर तिरप्या बारीक रेघा असतात, झिजलेल्या का होईना. ओतीव नकलेत कडेला साच्याच्या जोडाची रेघ किंवा ती घासून काढल्याच्या खुणा दिसतात, अक्षरांचे कोपरे विरघळल्यासारखे गोल होतात आणि पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी छिद्रे असतात. दोन नाणी एकाच जागी एकसारखी खोचलेली असली तर दोन्ही बाजूला ठेवावीत. या मालिकेतली साधारण झिजलेली नाणी मुबलक आहेत, त्यामुळे ‘दुर्मिळ’ या शब्दासाठी जादा पैसे देण्याचे कारण नाही. काही महिने आणि काही ठसे खरेच विरळ आहेत, पण जानेवारीचा अर्धा क्राउन आणि ऑक्टोबरचा शिलिंग त्यांत येत नाहीत. विक्रेत्याची पावती मात्र जपून ठेवावी, कारण आयर्लंडमध्ये परवानगीशिवाय धातुशोधक यंत्राने पुरातन वस्तू शोधणे गुन्हा आहे आणि तिथे सापडलेल्या पुरातत्त्वीय वस्तू देशाबाहेर नेण्यास परवाना लागतो. नाणी भारतात आणण्यापूर्वी तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे चौकशी करून घ्यावी.

आता उजळण्याविषयी, कारण माझ्याकडून झालेले नुकसान मला आजही बोचते. संग्रहाच्या पहिल्या वर्षांत मी एक शिलिंग चिंचेच्या कोळात पाच मिनिटे ठेवला होता. बाहेर काढला तेव्हा तो नव्या फुलपात्रासारखा झळकत होता, आणि दुसऱ्या दिवशी त्यावर गुलाबी डाग उमटले. आम्लाने पितळेतले जस्त खाऊन टाकले होते आणि वर नुसते तांबे उरले होते. महिन्याच्या नावापुढचा ठिपका, जो त्या ठशाची ओळख होता, तो नाहीसा झाला. आपल्या घरातली पितळेची भांडी जाड असतात आणि ती पुन्हा वापरली जाणार असतात, म्हणून चिंच त्यांना चालते. नाण्याच्या वरच्या थराची जाडी कागदाएवढीही नसते आणि सगळा मजकूर त्या थरात असतो. धूळ असेल तर मऊ ब्रशने झटकावी, फार तर शुद्ध केलेल्या पाण्याने धुऊन लगेच पूर्ण कोरडे करावे.

भारतात, विशेषतः मुंबई किंवा कोकणात ठेवणार असाल, तर दमट हवा हा मोठा शत्रू आहे. भांड्यांवर चढतो तसा गडद, घट्ट बसलेला हिरवा कळंक असेल तर त्याला हात लावू नये. परंतु फिकट हिरवी, बोटाला लागणारी भुकटी दिसली तर ते क्षारांमुळे आतून सुरू झालेले कुजणे समजावे, ते नाणे ताबडतोब वेगळे ठेवावे आणि धातू-संवर्धकाला दाखवावे. पीव्हीसीच्या मऊ पाकिटांत नाणी ठेवू नयेत, त्यांतून आम्ल सुटते. आम्लरहित कागदाची पाकिटे, घट्ट झाकणाचा डबा आणि ओलावा शोषणारी सिलिका जेलची पुडी एवढी व्यवस्था पुरते, मात्र पावसाळ्यात पुडी दर महिन्याला बदलावी.

डब्लिन सोडण्यापूर्वी कॉलिन्स बॅरॅक्समधील संग्रहालयात आयरिश नाण्यांचे दालन अवश्य पाहावे आणि तिथल्या क्राउनसमोर आपला अर्धा क्राउन मनात धरून उभे राहावे. मग घरी येऊन तो खिडकीजवळ, बाजूने पडणाऱ्या उजेडात हळूहळू फिरवावा. मुकुटाच्या खाली किंवा अक्षरांच्या मागे मूळ नक्षीशी न जुळणारी एखादी रेषा दिसली, तर त्या जागेचे छायाचित्र, ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंतचे वजन आणि व्यास मला पाठवावा. जानेवारीच्या ठशांचे माझ्याकडे बारा फोटो आहेत, त्यांच्याशी ताडून पाहून कळवतो.